डिसेंबर-जानेवारीत बागेत असं काय असतं, की सणाची सजावट घरच्या घरी करता येईल? प्लास्टिकचं तोरण आणलं तर काय बिघडलं?

बिघडलं काहीच नाही. फक्त मग कुंड्यांना रोज पाणी कशासाठी घालता, एवढं सांगा.

तुम्ही लिहिलंय की गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या आहेत, पण थंडीत बाग ‘झोपते’. मार्गशीर्षातले गुरुवार आणि संक्रांतीचं हळदीकुंकू यांच्यासाठी दाराला काहीतरी लागतं, म्हणून प्लास्टिकचं तोरण बरं वाटतं. अहो, आपल्याकडे थंडीत झोपतो तो मोगरा. त्याचं पाणी कमी करावं, थंडी ओसरताना छाटावा, की उन्हाळ्यात फुलतो. बाकी सगळी बाग याच दिवसांत जागी असते. मी नाशिकची. शेजारी निफाडला पारा पाचाच्या खाली उतरतो, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिप सोडून ठेवतात. त्याच हवेत माझ्या अंगणात शेवंती, झेंडू, कोंबडा (तुऱ्याचं फूल), गुलाब, वाल, मेथी, टोमॅटो सगळं एकदम चालू असतं. पावसाळ्यात गोगलगायी वेचायच्या आणि उन्हाळ्यात नुसती झाडं जगवायची. बाग करायची ती या चार महिन्यांत.

तुमची खरी अडचण अशी आहे की हा सप्टेंबरचा प्रश्न तुम्ही डिसेंबरात विचारताय. झेंडू बी टाकल्यापासून फुलायला दोन-अडीच महिने घेतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात आणि एकाच्या जागी आठ-दहा फुलं येतात. शेंडा खुडायला लोकांचा जीव होत नाही आणि मग ‘आमचा झेंडू उंचच जातो’ म्हणून रडतात. हरभरा माती भरलेल्या क्रेटमध्ये ऑक्टोबरच्या मध्यावर पेरायचा, स्वयंपाकघरातलाच, फक्त जुना किडका नको. मूठभर गहू दिवाळीच्या आसपास. संक्रांतीच्या सुगडात घालायला घाटे आणि हिरव्या ओंब्या घरच्या होतात. यंदा वेळ गेली असेल तर मेथी, कोथिंबीर, मुळा लावा आणि पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा.

शेवंतीचं मात्र वेगळं आहे. तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण आमच्या घरातली एक गोष्ट अजून मिटलेली नाही.

आमचं जोडघर आहे. पुढचा भाग थोरल्या जाऊबाईंचा, मागचा आमचा, अंगण सामाईक. शेवंतीच्या कुंड्या मी पुढच्या कट्ट्यावर ओळीने ठेवते, काही मागच्या दारी. सगळ्या एकाच झाडाच्या फुटव्यांपासून केलेल्या. माती तीच, शेणखत तेच, पाणी घालणारी मीच. एका वर्षी नवरात्रात पुतण्याने फाटकावर मोठा पांढरा फोकस बसवला. रांगोळी दिसावी, आकाशकंदील उठून दिसावा, शिवाय चोराचिलटाचं भय नको. फोकस संध्याकाळी लागायचा तो सकाळी दूधवाला येऊन गेल्यावर बंद व्हायचा. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी पुढच्या ओळीला कळी नाही. झाडं कशी, हिरवीगार, गुडघ्याला लागतील अशी. मागच्या दारच्या कुंड्या मात्र कळ्यांनी वाकल्या होत्या.

जाऊबाईंचं निदान तयार होतं. “अगं, तू खत फार घालतेस, नुसती पानं माजतात.” हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं. आता मी खत जास्त घालते हे कोणी माझ्या तोंडावर म्हटलं तर मला झोंबतं, कारण मी मापून घालते.

मग एके संध्याकाळी कट्ट्यावर बसले असताना लक्षात आलं. ओळीतली एकच कुंडी, फाटकाच्या दगडी खांबाच्या आड आलेली, ती कळ्यांनी भरलेली. फोकसचा उजेड कट्ट्यावर तिरपा पडायचा आणि खांबाची सावली नेमकी त्या कुंडीवर. पलीकडच्या कुंडीचं पान न् पान उजेडात, तिला कळी नाही. कॅमेऱ्याने फोटो काढून ठेवलाय मी.

शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते. दिवस लहान व्हायला लागले की ती कळी धरते, म्हणून तर ती थंडीत फुलते. रात्रभर उजेड पडत राहिला तर तिच्या लेखी अजून उन्हाळाच चालू असतो आणि ती पानंच वाढवत बसते. पॉलिहाऊसवाले हेच मुद्दाम करतात. फूल उशिरा हवं असेल तर रात्री बल्ब लावतात, लवकर हवं असेल तर संध्याकाळपासून काळं कापड ओढतात. नाताळच्या सुमारास नर्सरीत लाल दिसणाऱ्या पॉइन्सेटियाचंही तेच. त्याचा लाल भाग म्हणजे फूल नाही, पानंच असतात ती, आणि अंधार पुरला नाही तर लाल होत नाहीत. एका वर्षी आणलेलं पॉइन्सेटिया दुसऱ्या वर्षी हिरवंच राहिलं अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी खोलीतली ट्यूबलाइट बघावी.

मी जाऊबाईंना म्हटलं, “ताई, फोकसचं तोंड जरा फाटकाबाहेर वळवू या.” त्या म्हणाल्या, “दहाला बंद करत जाईन.” दहाला बंद करून भागत नाही. झाड अंधार सलग मोजतं. संध्याकाळी सहाला सूर्य गेला आणि दहापर्यंत फोकस राहिला, तर त्याची रात्र दहालाच सुरू होते, आणि तेवढी रात्र जूनमध्येही असते. हे मी खांबाच्या सावलीसकट, कुंड्या दाखवून समजावलं. भावजी म्हणाले, “असेल बुवा.” जाऊबाई म्हणाल्या, “उजेडाने कधी कोणाचं वाईट झालंय का?” अशा वाक्याला माणूस काय उत्तर देणार!

फोकस शेवटी निघाला, तो तुळशीच्या लग्नानंतर, आणि तोही पुतण्याला दुसरीकडे हवा होता म्हणून. पुढची ओळ फुलली रथसप्तमीच्या सुमारास, सगळं हळदीकुंकू आटोपल्यावर.

त्याच वर्षी मार्गशीर्षात त्यांनी दाराला प्लास्टिकचं तोरण लावलं. झेंडूची फुलं, आंब्याची पानं, मध्ये चमकणारे मणी. “एकदा आणलं की दहा वर्षं बघायला नको.” २०१८ मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हा हेच घर किती हळहळलं होतं ते मला आठवतंय. थर्माकोल गेला आणि त्याच्या जागी ही फुलं आली. दसरा-दिवाळी झाली की भाव पडून झेंडू रस्त्याकडेला ओतून द्यायची वेळ शेतकऱ्यांवर येते, आपण ते बातम्यांत बघून हळहळतो, आणि दाराला लावतो प्लास्टिक. असो.

पहिल्या गुरुवारी सकाळी जाऊबाई मागच्या दारी आल्या. “अगं, घटाला चार शेवंत्या देतेस का? शिवाय पाच प्रकारची पानं लागतात, आंबा, पेरू, जास्वंद काय असेल ते.” दिल्या. का नाही देणार, लक्ष्मीचं काम आहे. पण विचारलं मी, की देवीला प्लास्टिक चालत नाही आणि दाराला चालतं, हे कुठल्या पोथीत आहे? त्यावर त्या जे काही बोलल्या ते इथे लिहीत नाही. तोरण मात्र तिथेच राहिलं. आता पाच वर्षांनी त्यातली पिवळी फुलं पांढुरकी पडली आहेत आणि पानांवर धुळीचा थर आहे. दहा वर्षं म्हणे.

तर सजावट. मी करते ती भाताच्या लोंब्यांची. कोकणात दारावर ‘नवं’, म्हणजे नव्या धान्याची जुडी, बांधतात त्यात लोंबी असतेच, पूर्व विदर्भातही लोंब्यांची तोरणं होतात, मी काही नवीन शोधलेलं नाही. इगतपुरी-घोटीकडे भात निघतो तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून पेंढी मागवते, दांडा वीतभर ठेवून कापलेली. दांडे तासभर पाण्यात बुडवायचे, लोंब्या कोरड्या राहतील असं. ओला दांडा वळतो, कोरडा काटकन मोडतो. तीन दांडे घेऊन वेणी घालायला सुरुवात करायची आणि दर वळशाला एक नवी लोंबी आत घ्यायची, डावीकडून एक, उजवीकडून एक. वळसा सैल सोडलात तर वाळल्यावर लोंब्या गळतात, कारण वाळला की दांडा बारीक होतो. पुरेशी लांबी झाली की टोकं सुतळीने बांधून सावलीत सपाट ठेवायचं, वर पाट ठेवायचा. उन्हात वाळवलं तर रंग उडतो. मध्ये मध्ये कोंबड्याचे तुरे खोवायचे. कोंबडा पूर्ण फुलल्यावर कापून, पानं काढून, उलटा टांगून वाळवला की किरमिजी रंग महिनोन् महिने टिकतो. हे तोरण मार्गशीर्षात लावलं की संक्रांतीपर्यंत तसंच असतं, आणि मधल्या काळात चिमण्या येऊन दाणे टिपतात. खाली तूस पडतं. जाऊबाई त्याला केर म्हणतात.

आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण करणार असाल तर तांबूस कोवळी पानं घेऊ नका, थंडीच्या कोरड्या हवेत दुपारपर्यंत गुंडाळी होते. जून, गडद पानं घ्या. झेंडू पहाटे तोडा, सुई देठाकडून मधोमध घाला, आडवी नको. आणि टवटवीत राहावा म्हणून त्यावर पाणी शिंपडू नका, आतून काळा पडून कुजतो.

संक्रांतीला सुगडं कुंभाराकडून आणायची, रंगवायची घरी, गेरू आणि चुन्याने. ठिपके, वेल, जे येईल ते. त्यात बोरं आणि ऊस बाजारचाच, पण घाटे, ओंब्या, गाजर आणि वालाच्या शेंगा आपल्या. कुंडीतलं गाजर दोन पायांचं निघतं, निघू द्या. हरभऱ्याचे शेंडे महिन्याभराने खुडले की त्याची भाजीही होते आणि घाटेही वाढतात. पहाटे त्या पानांवर आंब येते, हात लावून बोट चाटून बघा. भोगीच्या भाजीला घरच्या वालपापडीच्या मूठभर शेंगा पडल्या तरी मला वर्षभर पुरेल एवढा अभिमान वाटतो. हलव्याचे दागिने करायचे तर हलवाही याच हवेत चांगला होतो, थंड कोरड्या दिवसांत काटा नीट फुटतो. ते वेगळं उत्तर होईल, पाकाच्या एकेका थेंबावर मला बोलता येतं.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही. मुंबईत किंवा कोकणपट्टीत राहत असाल तर आमच्यासारखी थंडी नाही, तिथे मटार, फ्लॉवरच्या नादी लागू नका, झेंडू आणि वाल मात्र होतील. गच्चीला दिवसातून पाच-सहा तास ऊन नसेल तर झेंडूही विसरा. थंडीत शेवंतीच्या शेंड्यांवर आणि वालावर मावा ही कीड येते, रोज सकाळी पानं उलटून बघायची तयारी हवी. लोंब्यांना उंदीर लागतात, तोरण काढल्यावर माळ्यावर ठेवू नका, गच्चीवर पाखरांना टांगा. आणि घरात आजारपण असेल, लेकरं लहान असतील, नोकरीची धावपळ असेल, तर लावा बाई प्लास्टिकचं, कोणी फाशी देत नाही. मी बोलतेय ते ज्यांच्याकडे वेळ आहे, अंगण आहे आणि दारात फुललेली शेवंती आहे, त्यांच्याबद्दल.

लाइटच्या माळा जरूर लावा, फक्त कुंड्यांवर नको. हलवता येत नसेल तर संध्याकाळी सहाला शेवंतीवर जाड काळं कापड टाका आणि सकाळी सातला काढा, कळ्या दिसेपर्यंत रोज.

फोकस यंदाही लागलाय, फाटकावरच. मी सगळ्या कुंड्या गणपती झाल्यावरच मागच्या दारी नेल्या. आता जाऊबाई म्हणतात, पुढचं अंगण अगदी ओकंबोकं दिसतं.