कूलर गॅलरीतच पडून होता

"मॅडम, घरी सगळं तर आहे, मग यांना डिप्रेशन कसं काय होईल?" हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो, म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

एप्रिल संपत आला होता. नागपूरच्या मानेवाड्याकडून एक काका-काकू आले, काका पन्नाशीचे, नोकरी चांगली, मुलगा पुण्यात सेटल, घराचं कर्जही फिटलेलं. बोलत काकूच होत्या. तीन महिन्यांपासून पाठ दुखते, पोट बिघडतं, रिपोर्ट काढले तर सगळे नॉर्मल, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवण कमी आणि चिडचिड भयंकर. मग म्हणाल्या, "दरवर्षी होळी झाली की हे स्वतः कूलर काढतात, खस बदलतात, कोणाला हात लावू देत नाहीत. यंदा अजून गॅलरीतच पडून आहे. मी म्हटलं काहून इतका आळस करून राहिले, तर अंगावर ओरडले."

तेव्हा काकांनी पहिल्यांदा मान वर केली. "मी रोज जातो त्या कूलरपाशी. उभा राहतो. कुठून सुरू करायचं तेच समजत नाही, मग परत येऊन पडतो."

आळशी माणूस हो मजेत पडतो, तो रोज कूलरपाशी जाऊन उभा राहत नाही आणि रात्रभर स्वतःला कोसतही नाही. दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि त्यासोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडलेली, आपण बेकार आहोत असं वाटणं, एवढं जुळलं की तो आजार धरायचा, घरी काय आहे नि काय नाही याचा हिशोब तिथे चालत नाही. आपल्याकडचे पुरुष तर रडत नाहीत, त्यांचं दुःख पाठ, पोट आणि रागातून बाहेर पडतं, म्हणून ओळखायला उशीर होतो.

काकूंना बाहेर बसवून मी काकांना सरळ विचारलं, मरण्याचे विचार येतात का? असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ते म्हणाले, झोपेतच संपावं असं वाटतं, पण करायचं काही ठरवलेलं नाही. तरी आम्ही काकूंना सांगितलं, काकांच्याच परवानगीने, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला. रात्री-बेरात्रीही लागतो तो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण जीवाला धोका वाटला तर फोनवर न थांबता सरळ दवाखाना गाठायचा, हेही सांगितलं.

गोळ्या मी देत नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. त्यांनी आधी थायरॉईड आणि बी-12 तपासलं, कारण त्यातही माणूस असाच गळून जातो. काकूंना एकच धास्ती, "सवय लागेल ना?" नाही हो, या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. फक्त असर यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरेच लोक पहिल्याच आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडतात, तिथेच गाडी अडकते.

माझ्याकडे आम्ही कूलरच घेतला. मूड आला की करीन म्हणत बसलं तर या आजारात मूड येतच नाही, आधी हात हलवायचा, मन मागून येतं. पहिल्या आठवड्यात फक्त एका बाजूची ताटी काढून ठेवायची, दहा मिनिटं, बस. काकूंनी जवळ चहा घेऊन बसायचं, "मन घट्ट करा" म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी काका तेवढंही करू शकले नाहीत, मला वाईट वाटलं, काम जास्तच दिलं मी. मग फक्त दोन स्क्रू ढिले करायचे ठरवलं. ते झालं. पुढच्या आठवड्यात ताटी निघाली, मग जुनी खस काढली, हात काळे झालेले ते मला मोबाईलवर फोटो काढून पाठवले.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या दोन दिवस आधी कूलर चालू झाला. झोप तोवर पहाटे पाचपर्यंत सरकली होती. जूनमध्ये काका एकटेच आले, चांगले बोलले, आणि जाताना विचारलं, "आता गोळ्या बंद करू ना मॅडम?" मी म्हटलं, बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने तरी चालू ठेवाव्या लागतात, मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, घालमेल होते आणि आजार उलटू शकतो. डिसेंबरच्या आधी हा विषय काढायचा नाही, आणि काढायचा तो डॉक्टरांसमोर.