पाण्यावरचा धूर

प्रश्न : मुलगा गिटारच्या क्लासला जातो. सुरुवातीलाच ‘स्मोक ऑन द वॉटर’ शिकवलं. हा धूर कसला? – एक वाचक, सातारा

उत्तर : खऱ्या आगीचा! ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा उडवणारं पिस्तूल) झाडली आणि अख्खा कॅसिनो जळाला. हे गाणं करणारे डीप पर्पल, म्हणजे ब्रिटिश रॉक बँड, तिथेच रेकॉर्डिंग करणार होते. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी डोळ्यांनी पाहिला. गाण्यातला ‘फंकी क्लॉड’ म्हणजे माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचे आयोजक क्लॉड नोब्ज. त्यांनी मुलांना आगीतून बाहेर काढलं. गाण्यात त्यांचं नाव आलं की मला आजही भरून येतं.

डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोरची सुरावट चारच सुरांची, म्हणून लवकर बसते. मी शिकवताना मात्र पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) बाजूला ठेवायला लावतो. ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम छेडतो. मुलाला तसं वाजवू द्या.