५८ पूर्ण होताच पेन्शन घ्यावी की ६० पर्यंत थांबावे?

आपण निपाणीत राहता, नोकरी कोल्हापूरच्या कारखान्यात झाली आणि ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीची कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) ची सेवा १० वर्षांहून अधिक आहे, असे आपण लिहिले आहे. त्यावरून माझे मत ५८ लाच अर्ज करावा असे आहे. थांबल्यास दर वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते हे खरे, परंतु वर्गणी न भरता दोन वर्षे थांबल्यास २४ महिन्यांची पेन्शन सोडावी लागते आणि सुमारे ८ टक्क्यांच्या वाढीतून ती भरून निघण्यास जवळपास २५ वर्षे, म्हणजे वयाची पंच्याऐंशी उजाडते. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही. पन्नाशीनंतर लवकर घेतल्यास ५८ ला कमी असलेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात कायमची होते.

अर्ज नमुना १०-डी मध्ये, शक्यतो ऑनलाइन करावा. जानेवारी २०२५ पासून कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून पेन्शन मिळत असल्याने निपाणीतील खाते चालते. आपल्या सीमाभागात खरी अडचण नावाची असते: शाळेचा दाखला कन्नड, कारखान्याची नोंद मराठी, आणि आधारवरचे स्पेलिंग तिसरेच. यूएएनमधील (भविष्य निर्वाह निधीच्या खाते क्रमांकावरील) नाव व जन्मतारीख काही महिने आधीच आधारशी जुळवून घ्यावी.