मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायात सदस्य व्हायचं तर त्यांची विचारसरणी मान्य करावीच लागते का?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रोग्रॅमिंग येतं, मुक्त सॉफ्टवेअरला (म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघू, बदलू आणि वाटू शकतं) हातभार लावायची इच्छा आहे, पण कंपन्यांचं बंदिस्त सॉफ्टवेअर म्हणजे अन्याय, हे काही पटत नाही. मग असे समुदाय आपल्याला घेतील का? आणि घेतलं तर तिथे राहणं अप्रामाणिकपणाचं ठरेल का?

घेतील, आणि त्यात अप्रामाणिकपणा काही नाही. तिथल्या माणसांची मतं वेगळी आणि त्यांनी मिळून लिहून ठेवलेली बांधिलकी वेगळी. सही दुसरीवर करायची असते. मी डेबियनमध्ये, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात, पॅकेजं (इन्स्टॉल करता येतील अशी बांधून ठेवलेली सॉफ्टवेअरं) सांभाळते, म्हणून तिथलंच सांगते.

डेबियन १९९३ साली सुरू झालं. १९९७ मध्ये त्याचा सामाजिक करार (प्रकल्पाने दिलेली वचनं) आणि त्यासोबतची मार्गदर्शक तत्त्वं (कुठलं सॉफ्टवेअर मुक्त मानायचं याचे निकष) मंजूर झाली. सदस्य होताना तुमची ओळख पटवतात, तांत्रिक काम बघतात आणि त्याखेरीज 'तत्त्वज्ञान आणि कार्यपद्धती' नावाचा एक टप्पा असतो. हे नाव वाचून बरेच जण बिचकतात. प्रत्यक्षात तिथे तुमच्या मनाची झडती कोणी घेत नाही. करार आणि तत्त्वं समजली आहेत का, आणि डेबियनचं काम करताना ती पाळाल का, एवढंच बघतात. घरी कुठला फोन वापरता, नोकरीत कसलं सॉफ्टवेअर लिहिता, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. डेबियनची घटनाही सदस्याकडून प्रकल्पाच्या उद्दिष्टांना साथ मागते ती तो प्रकल्पात जेवढा भाग घेतो तेवढ्यापुरतीच. कुणावर कामाची सक्ती नाही, फक्त रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरोधात काम करायचं नाही.

समजणं म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगते. जेसन (JSON) या माहिती लिहिण्याच्या पद्धतीसाठीच्या एका जुन्या प्रसिद्ध कोडच्या परवान्यात एक ओळ आहे: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. वाचून वाटतं, यात वावगं काय? पण तत्त्वांमधलं सहावं कलम म्हणतं की परवान्याने वापराच्या कुठल्याही क्षेत्राबाबत भेदभाव करू नये, मग ते क्षेत्र व्यवसायाचं असो की जनुकीय संशोधनाचं. चांगलं काय नि वाईट काय हे ठरवणार कोण? उद्या एखाद्याने गर्भपाताच्या दवाखान्याला वाईट म्हटलं, दुसऱ्याने सैन्याला, तर ते पॅकेज वापरणाऱ्याने काय करायचं? म्हणून डेबियनच्या लेखी तो परवाना मुक्त नाही. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेमधला तो कोडसुद्धा काढून त्याजागी दुसरा बसवावा लागला. सज्जनपणाच्या एका ओळीपायी एवढा खटाटोप! पण मला हे कलम मनापासून पटतं, कारण ते आमच्यातल्या नैतिक आग्रही माणसांनाही आवर घालतं. तुम्हाला ते पटलं नाही तरी चालेल. तसा परवाना असलेलं पॅकेज डेबियनच्या मुख्य विभागात, म्हणजे फक्त मुक्त सॉफ्टवेअरच्या संग्रहात, चढवलंत तर मात्र चालणार नाही.

बाकी आत मतभेद चिक्कार आहेत. कुणी स्वातंत्र्यासाठी येतं, कुणाला नुसती नीट चालणारी यंत्रणा हवी असते, कुणाला त्या कामाचा पगार मिळतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी स्थापन केलेलं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तर डेबियनची शिफारसच करत नाही, कारण डेबियनच्या सर्व्हरवर अ-मुक्त पॅकेजांचाही विभाग आहे. म्हणजे तुम्ही ज्याला एकच विचारसरणी समजताय, तिच्यातच केवढी दरी आहे बघा.

आणि लिहिलेलं बदलतंही. वायफायसारख्या अनेक भागांना चालण्यासाठी अ-मुक्त फर्मवेअर (त्या भागात चालणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतं. अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसल्यामुळे नवख्या माणसाचं घोडं तिथेच अडायचं. २०२२ मध्ये यावर सदस्यांचं मतदान झालं. करारच बदलायचा, म्हणून एकास तीन असं बहुमत हवं होतं, आणि ते मिळालं. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. विरोधात मत देणारे आजही सदस्य आहेत, त्यांना कोणी पाखंडी म्हणत नाही. उलट २०१४ मध्ये सिस्टमडीच्या (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वादात काही जणांना राहवलं नाही. त्यांनी डेबियनचाच कोड घेऊन देवुआन नावाची वेगळी सिस्टिम काढली. परवाना मुक्त असल्यामुळे त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. काही समुदायांत अलिखित सोवळं असतं: अमुक लॅपटॉप वापरतो म्हणजे हा आपला नव्हे, वगैरे. मला त्याची चीड येते. सोवळ्यातली माणसं बग दुरुस्त करणाऱ्यालाच पळवून लावतात. असं दिसलं तर दुसरा प्रकल्प बघा, तुमच्या कामाला जागा कमी नाहीत.

तूर्त सदस्यत्वाचा विचार बाजूला ठेवा. बग नोंदवायला, पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवायला, भाषांतर करायला ते लागतच नाही. मतदानासाठी आणि स्वतःच्या अधिकारात कुठलंही पॅकेज चढवण्यासाठी लागतं. आधी सामाजिक करार वाचा, पाचच कलमं आहेत. मग रोजच्या वापरातल्या एखाद्या पॅकेजचा अडकलेला बग उचला आणि ते सांभाळणाऱ्याला पॅच पाठवा.