पहिलं पिस्तूल घेताना

अरे, परवाना हातात आला म्हणून लगेच दुकानात धावू नकोस. नऊ एमएम पॅराबेलमचं नाव विसर, ते आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, म्हणजे त्या मापाचं हत्यार सामान्य माणसाला मिळत नाही. आपल्या वाट्याला .32 इंची येतं. परवडणारं नि भरवशाचं म्हणशील, तर बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूल बघ. काडतूस तेच .32, म्हणजेच 7.65 एमएम. दिसायला काही देखणं नाही, पण तुला काय वरातीत मिरवायचंय?

जुनं मिळत असेल तर आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी तपास. माझं पहिलं जुनंच होतं. दर तिसऱ्या गोळीला अडकायचं, आणि मी काडतुसांना शिव्या घालत बसलो. शेवटी कळलं, मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, एका बाजूला वाकलेले! ते बदललं नि कटकट संपली.

मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजू नकोस. एक गोळी नळीत बसलेली असू शकते. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढ, आत बघ, बोट घालून चाचप. हे करताना नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर.

इंदूरच्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवलंस, तर पंधरा दिवसांत गंजाचे ठिपके दिसतील. सुती कापडाने पूस, तेलाचा पातळ हात फिरव.

आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. पावती जपून ठेव. माझी एकदा काकूंनी रद्दीत घातली होती.