गाडी उभी असते त्या दिवसाचं काय?

प्रश्न : काका, नमस्कार. मी कापसीला राहतो, वय २७, शिक्षण नववीपर्यंत. हेवी लायसन्सला पाच वर्षं झाली. सध्या उमरेडच्या खाणीतून कोळशाचा टिप्पर चालवतो. तेलाच्या विहिरींवर गाडी चालवायची तीन कामं समोर आली आहेत. बाडमेरचा ठेकेदार महिन्याला २६ हजार आणि जेवण देतो म्हणतो. आसामात दुलियाजानला फेरीवर पैसे आहेत, 'चाळीसपर्यंत सहज जातात' असं सांगतात. ओमानचं काम १८० रियालचं आहे, पण एजंट १ लाख २० हजार मागतो. टेक्सासचे व्हिडिओही पाहून राहिलो. कुठे जाऊ?
– एक चालक, नागपूर

उत्तर : बाबू, तिन्ही ठिकाणचे आकडे तू नीट लिहिलेस, पण एक आकडा तुला कोणी सांगितला नाही आणि तूही विचारला नाहीस. गाडी उभी राहील त्या दिवसाचे किती?

कोळशात गाडी फिरली की पैसा. तेलाच्या कामात गाडी चालते कमी, थांबते जास्त. रिग, म्हणजे विहीर खोदायचं यंत्र, हलवायची म्हणून पहाटे ट्रेलर बोलावतात आणि तिथे ड्रिलिंगच संपलेलं नसतं. क्रेन बिघडते. परमिटवर सही व्हायची असते आणि सही करणारा साहेब जेवायला गेलेला असतो. टँकर असेल तर रिकामा करायला ग्रुप गॅदरिंग स्टेशनच्या, म्हणजे आसपासच्या विहिरींचं तेल जिथे गोळा होतं त्या ठिकाणाच्या, फाटकावर रांग. तिकडे त्याला सगळे जीजीएस म्हणतात. मी एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यातली नऊ तेलावर : गुजरात, एक हंगाम आसाम, मग ओमान. त्या नऊ वर्षांत मी चालवलं किती आणि केबिनमध्ये पाय वर करून पडलो किती, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

आसामपासून सुरू करतो, कारण माझा हात तिथेच पोळला. तेल तिथलं जुनं. डिगबोईची रिफायनरी १९०१ पासून चालू आहे. रस्ते चहाच्या बागांतून आणि लोकांच्या अंगणाला लागून जातात, ट्रेलर वळवताना मागे माणूस उभा करावा लागतो. मे महिन्यात पाइप भरून निघालो आणि विहिरीच्या अलीकडे दीड किलोमीटरवर गाडी एक्सलपर्यंत रुतली. अकरा दिवस. बाराव्या दिवशी चेनवाल्या डोझरने ओढून काढली. ठेका फेरीवर होता, म्हणून हिशेबाच्या वहीत अकरा दिवसांची एक फेरी लागली. तांदूळ आम्ही पदरचा घेतला. शेजारच्या घरातली म्हातारी रोज लाल चहा आणून द्यायची, तिचे पैसे मात्र तिने घेतले नाहीत. तुला 'चाळीसपर्यंत' सांगणाऱ्याला एवढंच विचार, जूनमध्ये किती फेऱ्या झाल्या? फेरीवरचा आसाम घेऊ नको. महिन्यावर कोणी देत असेल तर नोव्हेंबर ते मार्च बरा.

आसामचीच आणखी एक गोष्ट, कारण कोळशातले पोट्टे विडी ओढत ओढत गाडी भरून घेतात. तिनसुकिया जिल्ह्यात बाघजानच्या विहिरीतून २७ मे २०२० ला गॅस उसळला, ९ जूनला पेट घेतला आणि आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. विहिरीच्या आवारात मोबाइल बंद म्हणजे बंद, आणि सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणगी बाहेर न सोडणारी जाळी, नसेल तर गाडी आत घ्यायची नाही. आत शिरताच आधी वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी कुठे फडकते ते बघायचं. विषारी गॅस सुटला तर पळायचं वाऱ्याला आडवं, मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला.

बाडमेर. उन्हाची भीती नागपूरच्या माणसाला कोणी दाखवू नये. तिथला मंगला हा तेलसाठा २००४ मध्ये सापडला आणि ऑगस्ट २००९ पासून तेल निघायला लागलं. त्या तेलात मेण इतकं, की गार झालं की डालड्यासारखं थिजतं. म्हणून सुरुवातीला ते गरम ठेवणाऱ्या टँकरांतून गुजरातच्या किनाऱ्याकडे न्यायचे. आता त्यासाठी वाटभर गरम ठेवलेली पाइपलाइन आहे. त्यामुळे कच्चं तेल वाहायला जातोय असं समजून जाऊ नको. काम असेल ते रिग हलवण्याचं, पाण्याच्या टँकरचं, पाइप आणि केमिकलचं. २६ हजार ऐकायला कमी वाटतात, पण महिन्याचे आहेत. रेतीच्या वावटळीत गाडी दोन दिवस उभी राहिली तरी तुझे आहेत. फक्त ते २६ दिवसांचे की ३० दिवसांचे, आणि घरी यायला सलग किती दिवस, हे कागदावर घे. ठेकेदार म्हणेल, 'अरे, विश्वास नाही का?' म्हणावं, विश्वास आहे, कागदही द्या.

तू विचारलं नाहीस, पण अंकलेश्वर नागपूरहून अमरावती-धुळे-सुरत रस्त्याने साधारण आठशे किलोमीटर आहे. तिकडच्या लहान विहिरींना पाइपलाइन परवडत नाही, म्हणून तेल टँकरने जीजीएसला जातं. काम कंटाळवाणं, पण बारमाही. (मुंबई हायचं नाव मात्र सोडून दे, तिथलं तेल समुद्रात आणि ट्रकवाल्याचं काम न्हावाच्या धक्क्यावर संपतं.) टँकरसाठी लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद लागते. मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं, नोंद तीन वर्षं चालते. कुठेही जा, पण जायच्या आधी हे करून घे. ज्याच्याकडे ही नोंद आहे त्याला ठेकेदार 'तू' वरून 'तुम्ही' म्हणायला लागतो.

आता ओमान. रियाल डॉलरला बांधलेला आहे, एकाला सुमारे २.६० डॉलर, म्हणजे १८० चे आज चाळीस हजारांच्या वर होतात. शिस्तीचं काम मी तिथेच पाहिलं. निघण्याआधी जर्नी मॅनेजर कुठून, किती वाजता, कुठे थांबणार ते लिहून घेतो. गाडीतलं यंत्र वेग आणि जोराचा ब्रेक दोन्ही टिपतं. रात्री गाडी हाकायची नाही, कारण उंट डांबरावर ऊब घ्यायला बसतो आणि हेडलाइटला हलत नाही. फहूदकडचे खडीचे रस्ते दात खिळखिळे करतात. पण गाडी उभी असली तरी महिना चालू राहतो.

चालू राहतो, पण लायसन्स मिळाल्यावर! तिथलं हेवी लायसन्स वेगळं, स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा. मी परीक्षेत दोनदा नापास झालो. सात आठवडे अर्ध्या पगारावर गाड्या धुतल्या आणि ही अर्ध्या पगाराची गोष्ट एजंटने नागपुरात सांगितलीच नव्हती. तेव्हा तुझा प्रश्न असा पाहिजे : लायसन्स येईपर्यंत काय देता, आणि १८० मध्ये बेसिक किती? ओव्हरटाइम आणि शेवटचा हिशेब बेसिकवर होतो.

१ लाख २० हजार देऊ नको. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर शोध. तू दहावी नाहीस, म्हणून तुझा पासपोर्ट ईसीआर असणार, म्हणजे ओमानला कामावर जाताना सरकारची मंजुरी लागेल. 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो' असं म्हणाला तर चहासुद्धा न पिता उठ.

टेक्साससाठी दोनच ओळी. मिडलँड-ओडेसाकडे विहिरींना रेती आणि पाणी वाहायचं काम अफाट आहे, पण अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रकचालकांना कामाचा व्हिसा देणं थांबवलं. गंमत बघ, उभ्या गाडीचं भांडण तिथेही आहेच : विहिरीसाठी खास बांधलेल्या गाडीचा चालक विहिरीवर वाट पाहत थांबला तर तो वेळ त्याच्या दिवसाच्या कामाच्या १४ तासांच्या मर्यादेत धरत नाहीत.

मी तुझ्या जागी असतो तर आधी नोंद, मग कागद घेऊन बाडमेर, आणि वर्षभराने सरळ वाटेने ओमान.

प्रश्न : भाऊ, माझे मिस्टर मेहसाण्याला टँकरवर आहेत. टँकर रिकामा झाला की तळाचा गाळ काढायला त्यांनाच आत उतरवतात, वर शंभर रुपये देतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : ताई, नाही. रिकाम्या टाकीतही तेलाची वाफ राहते, वास येईनासा झाला तरी राहते. आत उतरायचं तर आधी यंत्राने हवा तपासावी लागते, लेखी परमिट लागतं, अंगाला दोर आणि बाहेर एक माणूस पूर्ण वेळ उभा लागतो. हे चालकाचं काम नाही. आणि कोणी आत पडलेला दिसला तरी त्याच्यामागे उडी मारायची नाही, आधी बाहेरून मदत बोलवायची. बहुतेक ठिकाणी दुसरा माणूस असाच जातो. आज रात्री त्यांचा फोन येईल तेव्हा घरच्या गोष्टींआधी हे सांगा.