चार वर्षांच्या मुलीची ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) केमो चालू आहे. यंदा घरी गणपती बसवावा का?

बसवा की! फक्त दीड दिवसाचा, आणि घरच्यांपुरता. आधी तिचा सीबीसी (रक्तपेशी मोजणारा) रिपोर्ट बघा: एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ५०० च्या खाली असेल तर दर्शनाला येणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. आत्याला राग येईल, येऊ दे. आरती व्हिडिओ कॉलवर होते.

ताजी फुलं, दूर्वा, पत्री तिच्या हाताशी नकोत, त्यांत बुरशी आणि जंतू असतात. हार कागदाचा करा, तिलाच रंगवू द्या. पंचामृत आणि चिरून उघडी ठेवलेली फळं तिला देऊ नका. उकडीचा मोदक मात्र वाफेवरून उतरला की कोमट करून द्या. स्टिरॉइड चालू असतील तर भूक वाढते, एकावर थांबणार नाही ती! (साखरेचं डॉक्टरांना विचारून ठेवा.) धूप, कापूर तिच्यापासून लांब.

हॉस्पिटलची बॅग भरलेली ठेवा, फाईलसकट. ताप १००.४ झाला तर आरती अर्धी सोडून निघायचं, रात्र असली तरी. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. विसर्जन घरीच बादलीत, तुम्ही हॉस्पिटलात असलात तर शेजारी करतील.